एक ते वीसचा लसावि

मुलीला शाळेनं 'हावो' दिलं तेव्हा मी मास्तरांशी भांडले नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसायचा नाही. भांडणार होते. भेटीची वेळ घेतली होती, मुद्दे लिहून काढले होते, अवघड डच शब्द नवऱ्यासमोर घोटून घेतले होते. तेवढ्यात देशालाच टाळं लागलं.

हावो म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे नेदरलँड्समध्ये पोर अकरा-बारा वर्षांचं झालं की प्राथमिक शाळेचे मास्तर ठरवतात, याला पुढे कुठल्या फळीवर ठेवायचं. सगळ्यात वरची फळी व्हेवेओ. सहा वर्षांची, तिथून थेट विद्यापीठ. तिच्याखाली हावो, पाच वर्षांची, तिथून कामधंद्याचं शिक्षण देणारी कॉलेजं. त्याखाली आणखी एक आहे, तिचं नावही आमच्यात कुणी घेत नाही. डच लोक म्हणतात, तिन्ही सारख्याच चांगल्या, मूल सुखात असलं म्हणजे झालं. म्हणोत बापडे. आम्ही पुण्याहून आलेली माणसं. हार्लेममधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचं पोर कुठल्या फळीवर गेलं हे गणपतीच्या आरतीआधी सगळ्यांना ठाऊक असतं. आणि हावो म्हटलं की बायका ज्या आवाजात 'हो का, छान' म्हणतात ना, त्या आवाजात आमच्याकडे कुणी गेलं की 'सुटले बिचारे' म्हणतात.

मास्तरांनी कारण दिलं होतं. गणित चांगलं आहे, वाचन चांगलं आहे, पण स्वतःहून काही करत नाही. काही विचारलं की इकडेतिकडे बघते, कुणीतरी सांगेल म्हणून थांबते. मला हे कारण अगदीच फुसकं वाटलं. पोर शांत आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरी मी रोज तिच्या शेजारी बसून अभ्यास घेत होते, तेव्हा तर ती सगळं अगदी धडाधड करायची.

एक आशा होती. एप्रिलमध्ये सगळ्या देशातल्या मुलांची एक शेवटची परीक्षा असते, आणि तिच्यात जास्त गुण पडले तर शाळेला आपल्या शिफारशीचा फेरविचार करावा लागतो. झालं, आम्ही कामाला लागलो. जुन्या प्रश्नपत्रिका छापून आणल्या. घड्याळ लावून सोडवून घेतल्या. आणि मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, पाठोपाठ परीक्षाच रद्द झाली. त्या आठवड्यात हार्लेममधली माणसं टॉयलेट पेपरसाठी दुकानादुकानांतून हिंडत होती. मी मात्र परीक्षेसाठी रडत होते.

आमच्या सरकारनं त्या टाळेबंदीला 'हुशार लॉकडाऊन' असं नाव दिलं होतं. आमच्या घरात त्यातली हुशारी फारशी उतरली नाही. माझं हूफडॉर्पचं ऑफिस बंद झालं. मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. मी खाली जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. नवरा वर झोपायच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं मीटिंगा करायचा. पोर या दोघांच्या मध्ये, जिन्यावर. दिवसातून दहादा ती काहीतरी सांगायला खाली यायची आणि मी हात वर करून तिला थांबवायची. कॉल संपेपर्यंत ती परत जिन्यावर गेलेली असायची.

मग शाळेचं पत्र आलं. प्रत्येक मुलानं एका विषयावर दहा मिनिटं बोलायचं, हे इथल्या शाळांचं जुनंच खूळ. मुलं आपापल्या सशांवर आणि ज्वालामुखींवर बोलतात. या वर्षी वर्ग नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर, फक्त मास्तरांसमोर. आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत होतं की त्याच कॉलमध्ये पुढच्या शाळेविषयीही मुलाशी बोलून घेऊ. मी ती ओळ चारदा वाचली. म्हणजे दार अजून किलकिलं होतं. पोर म्हणाली, मी गोगलगायीवर बोलते. मी म्हटलं, गोगलगायीवर बोललीस तर हावोसुद्धा काढून घेतील.

विषय मला आमच्या घरच्या ग्रुपवर सापडला. त्या दिवसांत ग्रुपवर काय काय येत होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. हळद, लवंग, ताटं वाजवायचे मुहूर्त. त्यातच माझ्या आत्यानं एक टाकलं होतं, की २५२० ही दैवी संख्या आहे, कुठल्याशा देवळाच्या खांबावर कोरलेली आहे, आणि तिला एकपासून दहापर्यंत प्रत्येक आकड्यानं पूर्ण भाग जातो, हे विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं आहे. त्याखाली सांगलीहून माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एका ओळीत लिहिलं होतं: 'दैवी कसली, लसावि आहे.' आत्या ग्रुप सोडून गेली. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही संख्येला पायाशी वाकून नमस्कार केलेला नाही, बहिणीलाही नाही.

लसावि, म्हणजे सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, शाळेत सगळ्यांनीच काढलाय, आणि सगळेच विसरलेत. मला वाटलं, दहापर्यंतची ही संख्या असेल तर वीसपर्यंतची केवढी असेल! डच मास्तर गार पडेल. मी मोठ्या उत्साहानं एकपासून वीसपर्यंतचे सगळे आकडे एकमेकांना गुणले आणि एकोणीस अंकी एक धूड अण्णांना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, हा घाऊक गुणाकार झाला. तुझ्या सोळात दोन, चार, आठ आधीच बसलेत, त्यांना पुन्हा कशाला बोलावतेस? नवात तीन आहे. सोळा घे, नऊ घे, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा आणि एकोणीस. बाकीचे सगळे या आठांतून आपोआप होतात. मी अ तुकडीत शिकलेली, इंजिनियर झालेली बाई, फोनवर कान धरून उभी होते.

त्यांनी मग तोंडीच करत नेलं. मी मागे लिहीत होते. सोळा नवे एकशे चव्वेचाळीस, पाचानं सातशे वीस, सातानं पाच हजार चाळीस. अकरानं पंचावन्न हजार चारशे चाळीस. तेरानं सात लाख वीस हजार सातशे वीस. इथे ते जरा थांबले आणि म्हणाले, बघ गं, सातशे वीस सातशे वीस, दोनदा आलं. सतरा आणि एकोणिसाला त्यांनी पाणी पिऊन घेतलं. उत्तर आलं तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ. एकपासून वीसपर्यंत कुणीही यावं आणि भाग लावून जावं, खाली काही उरत नाही. आणि याहून लहान अशी दुसरी संख्या नाही.

मी पोरीला बोलावलं आणि सांगितलं, हा तुझा विषय. तिनं गोगलगायीचं चित्र घडी घालून ठेवलं. तिचं असंच असतं, वाद घालत नाही. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा.

चौदा स्लाइड झाल्या. सगळ्या मी केल्या. कंपनीच्या सादरीकरणात असतात तसे बाण, चौकटी, रंग. पोर शेजारी बसून बघत होती. मास्तरांना उदाहरण दाखवायला लहान संख्या हवी म्हणून मी साठ घेतली, कारण ती एक ते सहाचा लसावि. टाळेबंदीच्या भीतीनं मी दहा किलो राजमा भरून ठेवला होता. त्यातले साठ दाणे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, याच्या दोन-दोनच्या ओळी लाव. लावल्या, एक दाणा उरला. तीन-तीनच्या लाव. एक उरला. चार, पाच, सहा, दरवेळी एक. मी चिडले. म्हटलं, नीट लाव की, लक्ष कुठंय तुझं? ती हळूच म्हणाली, की लक्ष आहे, दाणे एकसष्ट आहेत. मोजताना माझीच चूक झाली होती. चुका काढायचा पगार घेणाऱ्या बाईची. मी तो जास्तीचा दाणा उचलून डब्यात टाकला आणि म्हटलं, चल, आता पहिल्यापासून.

पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी तालीम. ती जिथे अडखळायची तिथे मी शब्द पुरवायची. नवरा एकदाच मध्ये बोलला. म्हणाला, तू तिचं बोलणं करतेयस की तिच्याकडून तुझं करून घेतेयस? मी म्हटलं, तू तुझ्या इस्त्रीच्या टेबलाकडे बघ. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. तो खरंच वर गेला. त्या आठवड्यात पोरही त्याच्याजवळ वर बराच वेळ बसायची, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर काहीतरी टकटक चाललेलं असायचं. मला वाटलं, खेळतेय. म्हटलं, खेळू दे बिचारीला, एवढी मेहनत करतेय.

कॉलचा दिवस उजाडला. पत्रात मास्तरांनी स्पष्ट लिहिलं होतं, की बोलताना आई-वडील खोलीत नसावेत. मी खोलीत नव्हतेच, टेबलाखाली होते. टेबलक्लॉथ मोठा पसरला होता, आणि माझ्या हातात मोठ्या अक्षरांतले चौदा पुठ्ठे होते. ती अडली की मी योग्य तो पुठ्ठा तिच्या गुडघ्याशी धरणार, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. ऑफिसात मी त्या वेळेला 'डॉक्टरकडे' अशी नोंद करून ठेवली होती.

मास्तरांचा आवाज आला. कशी आहेस, घरी कंटाळा येतो का, वगैरे. मग म्हणाले, सुरू कर. मी पहिला पुठ्ठा धरला. तिनं गुडघ्यानं तो बाजूला सारला.

ती डचमध्ये बोलायला लागली, आणि तिचं पहिलंच वाक्य माझ्या एकाही पुठ्ठ्यावर नव्हतं. ती म्हणाली, ही माझ्या आईची संख्या आहे, ती आजोबांनी काढून दिली. छान आहे. हिला एकपासून वीसपर्यंत सगळ्यांनी भाग जातो. पण मी हिच्यावर बोलणार नाही, हिच्या शेजारणीवर बोलणार आहे. तिच्या शेवटी साठ नाही, एकसष्ट. मग बशीतून दाणे ओतल्याचा आवाज आला. तिनं मास्तरांना एकसष्ट दाण्यांच्या ओळी लावून दाखवल्या, दोनच्या, तीनच्या, सहापर्यंत, आणि दरवेळी उरलेला दाणा कॅमेऱ्यासमोर धरला असावा, कारण मास्तर दरवेळी हसत होते. मग म्हणाली, मोठ्या संख्येचंही तसंच. दोनपासून वीसपर्यंत कुणीही येवो, एक उरतोच. मग मला वाटलं, वीसच्या पुढचं कुणी आलं तर? बाबांकडून चार ओळींचा प्रोग्राम लिहायला शिकले आणि एकेका संख्येनं भागत गेले. पंधरा हजार दोनशे सत्तावन्नपर्यंत गेले. त्याच्या पुढे जायची गरज नसते, कारण पुढच्या कुणाचा भाग जायचा असेल तर त्याचा जोडीदार आधीच सापडला असता. कुणी सापडलं नाही. ही मूळ संख्या आहे. मला माहीत नव्हतं, मी शोधून काढलं.

टेबलाखाली मी चौदा पुठ्ठे छातीशी धरून बसले होते. खरं सांगते, आधी मला राग आला. माझ्या स्लाइड! नंतर राग कुठे गेला ते कळलं नाही. पंधरा हजार दोनशे सत्तावन्न हा आकडा तिला कुणी सांगितला नव्हता. वर्गमूळ काढायचं तिला सुचलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेजारी बसून बसून मला माझी पोरच दिसली नव्हती.

मास्तरांनी विचारलं, की आईची संख्याही मोठी छान आहे, मग तुला हीच का आवडली?

"पहिलीत सगळ्यांचं काहीतरी आहे. हिच्यात कुणाचंच नाही. ही नुसती ती आहे," ती म्हणाली.

यावर मास्तर काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण माझं नाक वाहायला लागलं होतं आणि त्या दिवसांत शिंकायचीसुद्धा चोरी होती. पुढचं मात्र स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, तुझ्या शिफारशीचा कागद माझ्यासमोर आहे, आज संध्याकाळी तो पाठवायचा आहे. मी वर्षभर म्हणत होतो की तू स्वतःहून काही करत नाहीस. आता मला तसं म्हणता येणार नाही. मी हावो खोडून व्हेवेओ लिहायला तयार आहे. तुला काय हवंय?

अगं बाई. मी टेबलाखाली हात जोडले. खरंच जोडले, पुठ्ठे खाली ठेवून. मनातल्या मनात सगळ्या मंडळींना फोन करूनही झाले. गणपतीची वाट कोण बघतो!

ती म्हणाली, "हावो."

मास्तरांनी विचारलं, का. ती जे बोलली ते मी कितीही विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. "व्हेवेओ सहा वर्षांचं आहे. सहा वर्षं आई माझ्या शेजारी बसेल. हावो पाचच वर्षांचं आहे."

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. तिनं हिशेब केला होता आणि उत्तर सांगितलं होतं.

मास्तरांनी विचारलं, की आई घरात आहे का. ती म्हणाली, टेबलाखाली आहे.

मी बाहेर यायला निघाले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. गुडघ्यांवरच होते. टेबलाच्या कडेवरून माझं तोंड तेवढं कॅमेऱ्यात दिसत असणार, केस विस्कटलेले, नाक लाल. मास्तर हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. अगदी अदबीनं म्हणाले, बाई, पालकांचं मतही मला लिहावं लागतं. तुमचं काय मत आहे?

व्हेवेओ. तीन अक्षरं होती, आणि ती माझ्या जिभेवर दोन महिने तयार होती. उच्चारसुद्धा घोटलेला. नुसतं तोंड उघडायचं होतं, मास्तर लिहायला तयार बसले होते, आणि बारा वर्षांच्या पोरीचं म्हणणं आईनं खोडलं तर जगात कुणी आईला बोल लावत नाही. उलट पुढे तीच पाया पडेल, असंही मनात येऊन गेलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. स्क्रीनकडेही नाही. टेबलावरचे दाणे एकेक करून बशीत टाकत होती, आवराआवर करत होती, कारण मी काय म्हणणार हे तिला माहीत होतं. वाट बघण्यासारखं तिच्यासाठी त्यात काही उरलंच नव्हतं. माझ्या पोरीनं माझ्याकडून इतकी कमी अपेक्षा ठेवली होती, याचं मला जे वाटलं, ते परीक्षा रद्द झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"ती म्हणते तेच लिहा," मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, नक्की ना? शब्द तुम्ही स्वतः सांगितलात तर बरं.

"हावो," मी म्हटलं. याचा उच्चार घोटलेला नव्हता. पण म्हटलं.

बशीत पडणाऱ्या दाण्यांचा आवाज थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू घरात कुणी नवीन बाई आली आहे आणि ती कोण हे अजून ठरायचं आहे. मास्तर तिकडे काहीतरी लिहीत होते. मग तिनं आपली खुर्ची थोडी मागे सरकवली आणि मराठीत म्हणाली, "आई, ऊठ ना आता. गुडघे दुखतील तुझे."